शिवाचे झाड आणि घरातली कुंडी

भांग शिवाला प्रिय मानली जाते. म्हणून शिवभक्ताने ती आपल्या घरी लावावी का, हा प्रश्न आता नव्या रूपात पुढे आला आहे. ‘ऑटोफ्लॉवर’ नावाची बुटकी, कुंडीत मावणारी आणि साधारण 8 ते 10 आठवड्यांत तयार होणारी गांजाची (म्हणजे भांगेच्याच झाडाची) जात जगभर घराघरांतून लावली जाते. देवाचेच झाड आहे, स्वतःपुरते लावले तर कोणाचे काय बिघडते, असे तिच्या बाजूने सहज म्हटले जाते. या म्हणण्यात दोन वेगळे दावे मिसळलेले आहेत. जे देवाला चालते ते भक्तालाही चालते, हा पहिला. जे निसर्गात उगवते ते आपोआप पवित्र असते, हा दुसरा.

पहिला दावा जुना आहे. 1893-94 साली ब्रिटिश सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याच्या अहवालाला जोडलेले ‘भांगेचा धर्म’ या विषयावरचे टिपण जेम्स कॅम्बेल यांचे आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादकही हेच. 1880 च्या रत्नागिरी खंडात संगमेश्वर आणि तिथली देवळे त्यांच्याच देखरेखीखाली नोंदली गेली. भांगेच्या पानात देवत्व वसते अशी हिंदूंची श्रद्धा आहे आणि बंदी घातली तर ती श्रद्धा दुखावेल, असा त्या टिपणाचा सूर होता. आयोगानेही सरसकट बंदीची शिफारस केली नाही. श्रद्धेचे अस्तित्व कॅम्बेल यांनी बरोबर टिपले होते. त्या श्रद्धेतून भक्ताला कोणता अधिकार मिळतो, हा मात्र वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शैव आचारातच शोधावे लागते.

त्यासाठी रत्नागिरीतला संगमेश्वर तालुकाच पाहावा. तो शिवस्थानांनी भरलेला आहे. कसब्याला कर्णेश्वर आहे, तर देवरुखच्या पुढे सह्याद्रीच्या कड्यात मार्लेश्वर. मकर संक्रांतीला मार्लेश्वराचे साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागते आणि त्याला सारा मुलूख लोटतो. तिथल्या गुहेत सापांचा वावर आहे. ते देवाचे म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही, पण देवाचे म्हणून कोणी घरी आणून पाळतही नाही. धोतऱ्याचेही तसेच. महाशिवरात्रीला त्याचे फूल आणि काटेरी फळ पिंडीवर वाहतात. ते फळ जीवघेणे विषारी आहे हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असते, आणि प्रसाद म्हणून ते कोणी तोंडात टाकत नाही. हलाहल, साप, धोतरा, स्मशानातली राख हा सगळा शिवाचा संसार आहे. माणसाला जे पेलत नाही ते त्याच्याकडे सोपवायचे, असा या पूजेचा व्यवहार दिसतो. भांग याच पंगतीत बसते. तेव्हा ‘शिवाची’ म्हणजे ‘म्हणून माझीही’ हा अर्थ निदान या आचारातून निघत नाही.

शिवनिर्माल्याचा नियम तर याहून स्पष्ट आहे. विष्णूचा नैवेद्य भक्त प्रसाद म्हणून घेतो. शिवलिंगावर वाहिलेले मात्र सर्वसाधारणपणे अग्राह्य. त्यावर चंडाचा, म्हणजे शिवाच्या एका गणाचा, हक्क सांगितला आहे. शिवपुराणात याला अपवाद आहेत. बाणलिंग आणि स्वयंभू लिंग यांच्या बाबतीत आणि शिवदीक्षा घेतलेल्यांसाठी हा निर्बंध शिथिल होतो. लिंगायतांमध्ये तर प्रसाद हा अष्टावरणांपैकी एक आहे. म्हणजे मतभेद आहेत आणि ते मोठे आहेत. पण अपवाद मागणाऱ्याने आपण कोणत्या अपवादात बसतो ते आधी दाखवायला हवे, आणि नुसती आवड म्हणजे दीक्षा नव्हे.

दीक्षेचा मुद्दा तंत्रमार्गात आणखी टोकदार होतो. तिथे भांगेला ‘विजया’ म्हणतात, आणि मंत्राने संस्कार केल्यावर तिचे सेवन पूजेचे अंग ठरते. हा आधार खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यासाठी गुरू, संस्कार आणि अधिकार या तिन्हींची अट आहे. चिलीम ओढणारा गोसावी घर सोडून आलेला असतो. त्याच्या आचाराचे एकच अंग उचलून दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आणले, तर उरलेल्या त्यागाचे काय करायचे, याचे उत्तर घरात चिलीम पेटवणाऱ्याकडे क्वचितच असते. योगसूत्रांच्या चौथ्या पादाच्या आरंभी पतंजलींनी सिद्धीच्या पाच वाटा सांगितल्या. जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. औषधीच्या समर्थकांना हे सूत्र पाठ असते. मात्र त्याच ग्रंथात आधी, तिसऱ्या पादात, सिद्धींना समाधीच्या मार्गातले अडथळे म्हटले आहे, याची आठवण सहसा निघत नाही. वारकऱ्यांनी हा वाद घातलाच नाही. माळ घातली की व्यसन सुटले पाहिजे, एवढाच त्यांचा दंडक. मराठी घराचा कौलही फारसा वेगळा नाही. चांगल्या कुळात वाईट निपजले की ‘तुळशीत भांग उगवली’ म्हणतात. अंगणातल्या वृंदावनात कोणाला जागा आणि कोणाला नाही, हे या म्हणीने कधीच ठरवून टाकले आहे.

आता दुसरा दावा, निसर्गाचा. हिमालयाच्या पायथ्याशी भांग रानोमाळ आपसूक वाढते. गांजाचे नेहमीचे झाड लहान दिवसांचे आहे. रात्री लांबू लागल्या की ते फुलते, म्हणजे आपल्याकडे शरदात. ऑटोफ्लॉवरला रात्रीचा हिशेब लागत नाही. या जातीचे मूळ रुडेरालिस या प्रकारात आहे. यानिशेव्हस्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1924 मध्ये त्याचे वर्णन केले. उत्तरेकडच्या छोट्या उन्हाळ्यात टिकण्यासाठी ते झाड दिवस लहान होण्याची वाट न पाहता वयावर फुलते. मूळ रुडेरालिसमध्ये नशा फारच थोडी. रुडेरालिसचा संकर जास्त नशेच्या जातींशी करून बाजारातली ऑटोफ्लॉवर घडवली गेली. यात गैर काही नाही, भाताच्या जातीही माणसानेच घडवल्या आहेत. पण मग तिला ‘निसर्गाचे दान’ म्हणून पुढे करता येत नाही. कोकणात भाताची नवी लोंबी दसऱ्याच्या सुमारास दारावर बांधतात, ती पाऊस आणि शेत यांनी दिलेल्या वेळी. बंद खोलीत दिव्याखाली, ऋतूचा संबंध तोडून उगवलेल्या झाडाला ऋतूचे पावित्र्य कुठून येणार? देवाला पान, फूल, फळ, पाणी काहीही चालते असे गीता सांगते, पण त्याची किंमत भक्तीवर ठरवते. देणाऱ्याच्या मनात ते स्वतःसाठी असेल, तर देवाचे नाव ही फक्त सबब उरते.

कायदा या वादात पडत नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने फुलोरा नसलेले पान आणि बी ‘गांजा’च्या व्याख्येतून वगळले आहे. थंडाईतली भांग राज्याराज्यांच्या नियमांखाली येते ती यामुळे. महाराष्ट्रात त्यासाठीही 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवाना लागतो. झाड लावणे ही मात्र वेगळी बाब आहे. गांजाच्या प्रजातीचे कोणतेही झाड 1985 च्या कायद्यात येते. उंची, फुलण्याची पद्धत, कुंड्यांची संख्या, पूजेचा हेतू, यांतल्या कशाचीही सवलत नाही. सरकारी परवानगीशिवाय लागवड केल्यास 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संविधानाच्या 25 व्या कलमातले धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे, आणि मादक पदार्थांच्या बंदीचा प्रयत्न करण्याचे मार्गदर्शक तत्त्व 47 व्या कलमात आहे. शिवपूजेला भांग अनिवार्य असती तर इथे खरा पेच उभा राहिला असता. तो राहत नाही, कारण तांब्याभर पाणी आणि बेलाचे पान एवढ्यावर ती पूजा पुरी होते.