सोपं, पण कुणाला?

गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचं पूजन होतं आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. तिन्ही दिवस पंचांगाने ठरवून दिलेले. जेवायला काय करायचं ते मात्र पंचांगात नाही, आणि भाद्रपद लागला की घरोघर सगळ्यात जास्त खल होतो तो त्याच्यावरच. पंचवीस माणसं येणार. भाज्या सोळा करायच्या की पाच? पुरणपोळ्या घरी की बाहेरून? मग कुणीतरी म्हणतं, "यंदा सोपंच काहीतरी करू या की." असं म्हणणारा माणूस एक तर स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकणारा असतो, नाही तर दरवर्षी त्या दिवशी तिथून बाहेर न पडणारी बाई असते. दोघांच्या मनातला बेत वेगळा असतो. त्याला चार पदार्थ कमी चालणार असतात. तिला एकदा तरी आरतीला उभं राहायचं असतं.

नैवेद्याच्या ताटाविषयी आपण जेवढे कडवे असतो, तेवढी परंपरा स्वतः नाही. मराठवाडा-विदर्भात महालक्ष्म्यांना, म्हणजे गौरींनाच, आंबील, कढी, पुरणपोळी आणि सोळा भाज्या लागतात. कोकणात कित्येक घरी घावन-घाटलं होतं. आवाहनाच्या दिवशी अनेक ठिकाणी साधी भाजी-भाकरी चालते. आणि काही समाजांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मटणाचा किंवा मासळीचा नैवेद्य दाखवतात, तोही तितक्याच भक्तीने. ज्या मुलखात जे पिकतं, ज्या घरात जे रुचतं, ते ताटात आलं आणि दोन-तीन पिढ्यांत त्याचं शास्त्र झालं. तेव्हा ताट बदललं म्हणून देवी रुसेल ही भीती सोडून द्यावी. रुसतात ती नात्यातली माणसं, आणि त्यांची समजूत काढता येते.

गौर आपल्याकडे येते ती माहेरवाशीण म्हणून. तिला नवी साडी, दागिने, फराळ, गजरा. माहेरी आलेल्या लेकीने इकडची काडी तिकडे करू नये, असा आपला रिवाज. आणि हे सगळे लाड पुरवायला त्याच घरातली सून पहाटे चारपासून उभी. सासूही उभी, कारण तिने हेच केलं. दुपारचे तीन वाजतात, शेवटची पंगत उठते, मग दोघी गार भात आणि कटाच्या आमटीचा तळ घेऊन स्वयंपाकघरातच टेकतात. मुखवट्याचं कौतुक करणाऱ्या घरात चेहऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं, हे मला नेहमीच खटकत आलं आहे. सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, असं आढळलं. पुरुषांचा ८८ मिनिटं, आणि हा आकडाही फक्त त्या पुरुषांचा, जे घरकामाला हात लावतात. सणाच्या दिवशी हे अंतर किती वाढत असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने बांधावा.

गंमत अशी, की कष्टाचा विचार आपल्या सणांना अपरिचित नाही. गौरी यायच्या थोडंच आधी ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगराशिवाय उगवलेलं, परसातलं, बांधावरचं तेवढं चालतं : अळू, लाल भोपळा, सुरण, पडवळ, मक्याचं कणीस, लाल माठ. सगळं एका पातेल्यात, तेल-मसाला जवळजवळ नाही. एवढा साधा आणि एवढा चविष्ट पदार्थ आपल्या सणांत दुसरा नसेल. ज्यांनी ही चाल पाडली त्यांना ताटातल्या घासामागे बैलाची पाठ दिसली होती. मग त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या बाईची पाठ आपल्याला का दिसू नये?

पुरणाचाच हिशोब मांडून पाहा. पंचवीस माणसांना दोन-दोन म्हटल्या तरी पन्नास पोळ्या. डाळ शिजवायची, कट काढायचा, गूळ घालून पुरण आटवायचं, ते इतकं की पातेल्यात उलथनं उभं राहिलं पाहिजे. मग गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं, कारण गार झालं की यंत्राचा दांडा हलत नाही. हे सगळं झाल्यावर पोळी लाटायची. एक पोळी तव्यावर अडीच मिनिटं घेते असं धरलं, तरी नुसत्या भाजण्यात दोन तास जातात. तेवढा वेळ ती बाई तव्यासमोर आणि बाकी घर मखरासमोर.

म्हणून सोपा बेत ठरवताना माझ्या मते एकच कसोटी लावावी. जो पदार्थ पंगत बसलेली असताना गॅसपाशी माणूस अडकवून ठेवतो, तो गाळायचा. पुऱ्या गेल्या, भजी गेली, गरम पोळ्या गेल्या. कितीही आवडत असल्या तरी त्या दिवशी गेल्या. नैवेद्यापुरतं वाटीभर पुरण घालावं, त्याच्या पाच लहान पोळ्या कराव्यात, परंपराही राहते आणि पाठही.

मुख्य पदार्थ मसालेभात. पंचवीस माणसांना दोन किलो तांदूळ पुरतो. तो धुऊन अर्धा तास निथळत ठेवायचा. तेलात मोहरी, हिंग, हळद, तमालपत्र, काजू. त्यावर उभी चिरलेली तोंडली, मग तांदूळ. तांदळाचा दाणा चांगला परतला गेला पाहिजे, इथे घाई केली की भाताचा गोळा होतो. दुप्पट आधणाचं पाणी, मीठ, गोडा मसाला, झाकण. आच बारीक. कांदा-लसूण नसल्याने हाच भात नैवेद्यालाही चालतो. पातेलं जाड पंच्यात गुंडाळून ठेवलं की तासभर गरम राहतं. वाढताना वर ओलं खोबरं, कोथिंबीर आणि साजूक तूप. सोबत मटकीची उसळ. मटकी आदल्या दिवशी सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधली की काम निम्मं झालं. काकडी चोचवून ठेवावी, मीठ मात्र ऐनवेळी, नाही तर तिला पाणी सुटतं. गोडाला चक्का आणून आदल्या रात्री साखर घालून ठेवलेलं श्रीखंड, ताक, पापड, लिंबू. कुणाचंही पोट रिकामं राहत नाही.

आता दुसरी पळवाट. "एवढं कशाला, बाहेरून मागवू." मागवायला हरकत नाही. पण मग कष्ट संपत नाहीत, ते फक्त दुसऱ्या घरी जातात. तुमच्या पन्नास पोळ्या कुठल्या तरी बचत गटातली बाई रात्र जागून लाटते आणि तिच्या घरीही गौर बसलेली असते. पोळ्या-भाजी करायला येणाऱ्या मावशींच्या घरीही असते. "त्या दिवशी जरा लवकर या, जास्तीचं काम आहे" असं आपण किती सहज सांगतो. पुरणपोळी दोन दिवस उत्तम टिकते, तेव्हा ऑर्डर आठवडाभर आधी द्यावी, पोळ्या आदल्या दिवशीच घ्याव्यात आणि दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. मावशींना पूजनाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावी. भांड्यांचा ढीग कोण घासणार? ज्याने जेवायचं त्याने आपलं ताट घासायचं. पंचवीस जणांनी एकेक ताट घासलं तर ढीग होतच नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे. काही बायकांना हे सगळं करायला मनापासून आवडतं. सत्तरीतल्या आजीच्या हातची अळूवडी ही तिची विद्या आहे. तिला "आता तू काही करू नकोस, आम्ही सोपं करतोय" म्हणणं म्हणजे गवयाला मैफलीत पहिल्या रांगेत बसवून तंबोरा काढून घेणं. तेव्हा सोपेपणा कुणावर लादू नये. तिला विचारावं, तुला काय करायचंय? ती म्हणेल अळूवडी, तर अळूवडी. पानं धुऊन, शिरा काढून देणारा नातू शेजारी बसलेला असावा, इतकंच. आवड म्हणून केलेलं आणि दुसरं कुणी करत नाही म्हणून केलेलं, यांतला फरक करणाऱ्यालाच ठाऊक असतो. आपण विचारत नाही, कारण उत्तर ऐकलं तर उठावं लागेल.

पाहुण्यांना "येताना काहीतरी करून आणा" असं सांगायला आपल्याला लाज वाटते. यजमानपणाला कमीपणा येतो म्हणे. पण आषाढी वारीची सांगता पंढरपूरजवळ गोपाळपूरला काल्याने होते, आणि काल्याची कथा तर हीच, की प्रत्येक गोपाळाने आपापली शिदोरी आणली आणि सगळ्यांची एकत्र कालवली. एका घराने कोशिंबीर आणावी, एकाने श्रीखंड, एकाने उसळ. कुणाचं काय ते आठवडाभर आधी ठरवून घ्या, नाही तर चार डबे बटाट्याच्या भाजीचेच येतात.

आणि एवढं करा : या वर्षी स्वयंपाक करणाऱ्यांची पानं पहिल्या पंगतीत मांडा. वाढायला घरातले पुरुष आणि कॉलेजात जाणारी मुलं आहेतच. त्यांना आदल्या दिवशी ताट दाखवून ठेवा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, उसळ उजवीकडे. भात मध्ये, आणि तूप वाढताना हात आखडायचा नाही.