युद्ध कोणी जिंकले?



क्रोध दुसऱ्यावर केला तरी त्याची झळ आधी करणाऱ्यालाच लागते, असा महात्मा बसवण्णांच्या एका सुपरिचित वचनाचा आशय आहे. घरच्या भांडणात हे आपणांस पटते. पण दोन राज्यांच्या युद्धात एक जिंकतो व दुसरा हरतो. मग जिंकणाऱ्याचे काय बिघडले, अशी शंका येते.

तिचे उत्तर एका विजयी राजानेच शिळेवर कोरून ठेवले आहे. इ. स. पूर्व २६१ च्या सुमारास सम्राट अशोकाने कलिंग जिंकले. दीड लाख माणसे तेथून नेली गेली, एक लाख मारली गेली व त्याहून कितीतरी अधिक मरण पावली, असे तो आपल्या तेराव्या शिलालेखात सांगतो. राजे आपला पराक्रम कोरतात. याने शत्रूचे मृत मोजले. ज्यांना स्वतःला इजा झाली नाही, पण ज्यांचे आप्त-मित्र संकटात सापडले, त्यांचाही घात झाला असे तो मानतो. धर्माने मिळणारा विजय हाच श्रेष्ठ, हा त्याचा निष्कर्ष.

हा लेख गिरनारला आहे, शाहबाजगढीला आहे. मात्र खुद्द कलिंगात, धौली व जौगड येथे, तो नाही. तेथे दोन वेगळ्या आज्ञा आहेत. सर्व माणसे माझी लेकरे आहेत, कोणाला विनाकारण बंदिवास वा छळ होऊ नये, असे त्यांत अधिकाऱ्यांना बजावले आहे. याच आज्ञांचे भाग आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नतीलाही सापडले आहेत. असे का केले, हे राजाने सांगितलेले नाही. पण ज्याचा मुलगा आपण मारला, त्याला आपले दुःख ऐकवून काय उपयोग? त्याला न्याय हवा असतो. आचारावाचून अनुभाव पोकळ, ही शरणांची शिकवण येथे आठवते.

तरीही एक गोष्ट मनाला टोचते. नेलेल्या दीड लाखांना घरी परत पाठविल्याचा उल्लेख त्या लेखात नाही. कलिंगचे राज्यही अशोकाने सोडले नाही. राजाच्या मनातले युद्ध संपले असेल; घरादाराला मुकलेल्या त्या माणसांचे संपले, असे कसे म्हणावे? हरणारा खाली पडला म्हणजे युद्ध थांबते. ते संपते, जिंकणारा घेतलेले परत करतो तेव्हा. पश्चात्ताप ही त्याची सुरुवात आहे, शेवट नव्हे.

आपणही बांधाचा दावा जिंकतो, पेढे वाटतो आणि चुलतभावाच्या दारावरून जाताना मान फिरवतो. मग निकाल लागला तरी भांडण मिटले कोठे? त्याच्या शेताचे पाणी अडविले असेल तर ते आधी मोकळे करावे आणि मग त्याच्या उंबऱ्याशी जावे. हरलेल्याने आधी यावे अशी वाट पाहू नये. हे जिंकणाऱ्याचेच कायक आहे.