कुळाची साक्ष
नदीचे मूळ व ऋषीचे कूळ शोधू नये असे आपण म्हणत असलो, तरी यकृतात आढळलेल्या कर्करोगाचे मूळ शोधल्यावाचून वैद्याचे चालत नाही. म्हणून अर्बुदाच्या 3-4 मायक्रॉन जाडीच्या छेदावर विशिष्ट प्रथिने ओळखणारी प्रतिपिंडे घातली जातात, आणि केराटिन 20 व सीडीएक्स2 या प्रथिनांचा तपकिरी रंग उमटून केराटिन 7 कोरे राहिले, तर आरोप बहुधा मोठ्या आतड्यावर येतो. न्यायशास्त्र जाणणारा नैयायिक मात्र व्याप्तीचा, म्हणजे जिथे खूण तिथे ते मूळ असतेच या नियमाचा, दाखला मागेल. उदाहरणार्थ, टीटीएफ-1 हे प्रथिन फुफ्फुसात तसे थायरॉइडमध्येही आढळते. त्यामुळे हेतू सव्यभिचार, म्हणजे एकाच मुळाशी न बांधलेला, ठरतो, आणि थायरोग्लोब्युलिनची दुसरी साक्ष काढावी लागते. शिवाय या प्रथिनांची जनुके जवळजवळ प्रत्येक पेशीच्या दप्तरात असतातच. मग आतड्याचेपण हे पेशीचे सत्त्व, की केवळ चालू अंमल? मला दुसरा पक्ष ग्राह्य वाटतो. कारण अर्बुद फार बिघडले की खूण पुसली जाते, वंश मात्र तोच राहतो.