मचव्याचा तळ

माझा भाचा कराडजवळ महामार्गाला उपाहारगृह काढणार आहे. ही काही निबंधाचा विषय व्हावी अशी गोष्ट नव्हे. पण ते उपाहारगृह एका मचव्यात असणार आहे. रत्नागिरीकडचा जुना मचवा विकत घ्यायचा, ट्रकवर लादून कुंभार्ली घाटाने वर आणायचा, आणि त्यात मेजे मांडून, वाढप्यांना खलाशांचे कपडे चढवून, घाटावरच्या लोकांना सुरमई खाऊ घालायची! ऐकताच मी म्हणालो, "अरे, हा त्या मचव्याचा अपमान आहे." बोलून गेलो खरा, पण लाकडाचा अपमान होतो म्हणजे नेमके काय होते, ते मला सांगता येईना.

कल्पना तशी नवी नाही. स्कॉटलंडात क्लाइडच्या खाडीत उतारूंची ने-आण करण्यासाठी १९५३ साली बांधलेली 'मेड ऑफ ॲश्टन' ही बोट पुढे लंडनला टेम्स नदीत नांगरून उपाहारगृह झाली. तिला 'हिस्पॅनिओला' म्हणू लागले. स्टीव्हन्सनच्या कादंबरीत खजिन्याच्या शोधात निघणाऱ्या गलबताचे हेच नाव. साध्या उतारूंची सेवा केलेल्या बोटीला उतारवयात हे सोंग! केरळातल्या काथ्याने शिवलेल्या, तांदूळ वाहणाऱ्या केट्टुवळ्ळम नावांचे दैव थोडे बरे. रस्ते झाले, माल मोटारीने जाऊ लागला, आणि त्या नावा प्रवाशांची तरंगती बिऱ्हाडे झाल्या. निदान पाण्यात तरी राहिल्या.

आमच्या कृष्णाकाठी नावेला असे निवृत्तिवेतन कोणी दिले नाही. सांगलीला १९२९ साली आयर्विन पूल झाला आणि नावेची गरज सरली. त्याबद्दल कोणी शोक करू नये. साताऱ्याकडे मात्र उलट घडले. कोयनेचे धरण झाले, शिवसागराने गावे, शेते आणि वाटा पोटात घेतल्या, आणि जिथे पायवाट होती तिथे लाँच आली. बामणोली-तापोळ्याकडे आजारी माणूस, वऱ्हाड, बाजार, सारे पाण्यावरून जाऊ लागले. आता त्याच पाण्यातून वासोट्याला निघालेली हौशी मंडळी लाँचने जातात. एकाची अडचण ती दुसऱ्याची सहल. माझ्या मनातला खरा काटा हा होता. मचव्याचे मला फारसे काही नव्हते. त्यात राबलेल्या माणसांच्या कष्टांचा देखावा होतो, हे सलत होते.

हे मी भाच्याला समजावून सांगितले. तो हसला. "मामा, महापुरात आपली माणसे गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून पलीकडे जातातच ना? रस उकळायच्या भांड्याची होडी चालते, मग होडीचे स्वयंपाकघर का चालू नये?"

मी क्षणभर निरुत्तर झालो. मग सुचले, की काहील पाण्यात उतरते ती निरुपायाने. २०१९ च्या ऑगस्टात ब्रह्मनाळला गच्च भरलेली बोट उलटून माणसे गेली. अशा दिवसांत हाती लागेल त्याची नाव करावी लागते. आणि पाणी ओसरले की काहील चुलाण्यावर परत जाते. मचवा एकदा घाट चढला की परतायचा नाही. पण म्हणून तो किनाऱ्यावर कुजू द्यावा काय? 'विराट' या युद्धनौकेचे संग्रहालय करण्याची योजना राज्य मंत्रिमंडळाने २०१८ साली मंजूर केली होती. २०२० साली ती नौका मोडण्यासाठी अलंगला गेली. मोडीपेक्षा सुरमई बरी, हे मला कबूल करावे लागले. सोंग नको, एवढाच माझा हट्ट उरला.

मध्यंतरी आम्ही दोघे तो मचवा पाहून आलो. मालक वृद्ध तांडेल. किंमत त्याने घासाघीस न करता मान्य केली. खलाशांच्या कपड्यांचे ऐकून तर तो खो खो हसला. माझ्या हट्टाची त्याला काही मातब्बरीच नव्हती. मग भाच्याने सांडपाण्याचा नळ कुठून काढायचा ते दाखवले. तेव्हा मात्र म्हातारा उठला आणि मचव्याच्या बुडाला हात लावून उभा राहिला. "हवे ते करा, पण तळाला भोक पाडू नका," म्हणाला.

तिथे तळ जमिनीवरच टेकणार आहे, पाण्याचा संबंध नाही, असे भाच्याने परोपरीने सांगितले. तो सारे ऐकून घेई आणि पुन्हा तेच म्हणे.

परतीच्या वाटेवर कोयनानगर मागे पडेपर्यंत भाचा गप्प होता. मग त्याने वही काढली आणि नळ मचव्याच्या कुशीतून, वरच्या अंगाने काढता येतो का ते आखू लागला. खर्च बराच वाढत होता.