माळ उतरवू का?

‘आश्रम’ हा शब्द ‘श्रम्’ धातूपासून झाला आहे. आश्रम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हरणे, नदीकाठ आणि गार सावली येते. पण शब्दाच्या पोटात श्रम बसलेले आहेत. त्यातही गृहस्थाश्रमाचे श्रम सर्वांहून अधिक. वायूच्या आधारावर जसे सर्व प्राणी जगतात, तसे बाकीचे तिन्ही आश्रम गृहस्थाच्या आधारावर जगतात, असे स्मृतिकार म्हणतात. तेच स्मृतिकार गृहस्थाच्या पदरी पाच दोषही बांधतात. त्यांस पंचसूना असे नाव आहे. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून नकळत जीवहत्या होते, म्हणून त्याने नित्य पंचमहायज्ञ करावेत, असा तो विचार आहे. म्हणजे घर चालवायचे म्हटले की काही ना काही बिघडणार, सांडणार, मोडणार, हे शास्त्राने गृहीत धरले आहे.

संतांनी याच पाच वस्तू घेतल्या आणि निराळेच केले. गंगाखेडच्या जनाबाईंनी जात्यापाशी देवाला बसवले. अरणच्या सावतोबांनी मळ्यातच पंढरी पाहिली. हे आपण कीर्तनात ऐकतो, माना डोलावतो, टाळ वाजवतो आणि घरी जातो. घरी गेल्यावर नळ गळत असतो.

हे लिहिण्याचे कारण असे. यंदा ज्येष्ठ शुद्ध चतुर्दशीला, रविवारी, एक माळकरी गृहस्थ आमच्याकडे आले. वय चाळिशीचे. दूध डेअरीवर नोकरी, घरी म्हातारी आई, अंगणवाडीत काम करणारी पत्नी आणि तीन लेकरे. नमस्कार करून बसले आणि गळ्यातल्या माळेला हात लावून म्हणाले, “महाराज, ही उतरवून ठेवावी म्हणतो. आपल्याच्याने निभत नाही.” प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. पुष्कळांच्या मनात तो असतो, तोंडाने कोणी काढत नाही. म्हणून त्यांच्या संमतीने, नाव-गाव गाळून, त्यांचा आठवडा येथे मांडतो.

वारीला निघण्याआधी घर ठाकठीक करावे म्हणून त्यांनी आठ दिवसांची रजा काढली होती. गळका पत्रा बदलणे, न्हाणीतला नळ दुरुस्त करणे, मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी फळी ठोकणे, देवघराला रंग देणे अशी कामे योजली होती. पाऊस ओढ देऊन बसला होता, म्हणून सोमवारी जुना पत्रा उतरवला. नवा पत्रा दुपारी येणार होता, तो आला नाही. दिवे लागणीला वळीव आला आणि ज्वारीची दोन पोती भिजली. मंगळवारी ज्वारी अंगणात वाळत घातली. मधल्या मुलाने क्रिकेटच्या चेंडूमागे धावताना फाटक उघडे टाकले. शेजारच्या दोन शेळ्यांनी यथेच्छ भोजन केले, आणि त्यावरून शेजाऱ्याशी बोलाचाली झाली. बुधवारी नळाला पाना लावला तर जुना पाइप भिंतीतच तुटला. मुख्य कॉक बंद करीपर्यंत न्हाणीपासून ओसरीपर्यंत पाणीच पाणी. त्यात सहा वर्षांचा धाकटा घसरला आणि मनगटाचे हाड मोडले. एक्स-रे झाला, प्लास्टर झाले, पाच आठवडे हात गळ्यात.

गुरुवारी निर्जला एकादशी. धाकट्याला जेवणानंतर औषध द्यायचे होते, आणि ते लेकरू हट्टाला पेटले की बाबा जेवतील तर मी जेवीन. आईने सांगितले, आजीने सांगितले, कोणाचे ऐकेना. शेवटी या गृहस्थांनी त्याच्या ताटातले वरणभाताचे दोन घास खाल्ले, तेव्हा पोराने तोंड उघडले. शुक्रवारी थोरली मुलगी, अकरा वर्षांची, बापाला मदत म्हणून देवघराला चुना द्यायला बसली. चुन्याचा डबा कलंडला आणि चौरंगावरची ज्ञानेश्वरीची पोथी भिजली. शनिवारी फळी ठोकली, ती तिरपी बसली. आणि या सहा दिवसांत हरिपाठ झाला फक्त एकदा, तोही निम्मा.

इतके सांगून ते म्हणाले, “पाच दिवस नेम चुकला, एकादशी मोडली, पोथी नासली. माळ घालून हे करण्यापेक्षा माळ नसलेली बरी.”

आता यातील एकेक पाहू.

एकादशीचे आधी. वारकऱ्याला एकादशी म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. दोन घास गेले ते गेलेच. त्याला पळवाट शोधून देणे हे आमचे काम नव्हे. शास्त्रात व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत: पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. त्यांत वरणभात नाही. पण व्रत मोडले म्हणून व्रत सोडावे, हे कोणत्या शास्त्रात आहे? गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने हाच प्रश्न विचारला आहे. जो श्रद्धेने निघाला पण वाटेत ज्याचे मन ढळले, तो फुटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नासतो काय? भगवंतांनी उत्तर दिले की कल्याणाच्या वाटेवर निघालेल्याची दुर्गती होत नाही. अर्जुनासारख्याला ही शंका आली, तेथे डेअरीवरच्या माणसाला आली तर नवल काय!

नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. ती सोयीसाठी वापरू नये. भूक लागली की गाढव आठवायचे, असे करणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. पण ज्याने खरोखर लेकराच्या औषधासाठी घास खाल्ला, त्याने हेही आठवावे की नाथांनी त्यानंतर ‘माझे व्रत बुडाले, आता मी भक्त नव्हे’ असे म्हटले नाही. पुढची एकादशी ज्येष्ठ वद्यातली. ती निष्ठेने धरावी. इतकेच आम्ही त्यांना सांगितले.

हरिपाठाचे दुसरे. “काम संपले की बसतो,” असे ते रोज म्हणत होते. अहो माउली, घरचे काम संपते का? एक भोक बुजवले की पाणी दुसरे शोधते. हे ओळखूनच संतांनी नाम कामात घालायला सांगितले. मात्र येथे एक इशारा द्यायला हवा. पत्र्यावर चढलेल्या माणसाचे डोळे खिळ्यावर आणि पाय वाशावरच असावेत. मुखाने नाम घ्यावे, पण भान हरपायची जागा ती नव्हे.

गोरोबाकाकांची चिखल तुडवण्याची कथा काही कीर्तनकार अशा थाटाने सांगतात की लेकराकडे बापाचे लक्ष नव्हते हाच जणू भक्तीचा दाखला. आम्हांला ते पटत नाही. त्या कथेत संतीचा आक्रोश आहे. ती माउली नवऱ्याला बोलते, आणि ते बोलणे परंपरेने झाकून ठेवलेले नाही; इतकी शतके ते आपण ऐकत आलो. कथेच्या शेवटी पंढरीच्या कीर्तनात रांगत परत येते ते लेकरूच. ज्या कथेत देवाला मूल परत द्यावे लागले, त्या कथेतून मुलाकडे दुर्लक्ष करण्याचा बोध कसा काढता येईल?

आता तिसरे, आणि आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते. ते गृहस्थ सांगत होते तेव्हा चुना आणि पोथी यांच्या मध्ये एक वाक्य हळूच येऊन गेले: “मग पोरीला एक ठेवून दिली.” तेथे ते थांबले नाहीत. आम्हीच थांबवले. “काय दिली?” म्हणून विचारले. तेव्हा कळले की थोरलीच्या गालावर चांगली सणसणीत बसली होती. ती रात्री जेवली नव्हती, आणि शनिवार-रविवार बापाशी बोलली नव्हती. म्हणजे पहा, या माणसाने आपल्या चुकांची वही लिहिली. तीत एकादशी लिहिली, हरिपाठ लिहिला, पोथी लिहिली, आणि जी रक्कम खरोखर देणे होती ती समासात टाकली!

तेरणेच्या काठी तेर गाव आहे, आजच्या धाराशिव जिल्ह्यात. तेथे गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी एका वस्तूकडे बोट दाखवून विचारले, काका, हे काय? ते थापटणे होते. मडके कच्चे की पक्के ते याने कळते, असे काका म्हणाले. आणि मग एकेका संताच्या डोक्यावर ते थापटणे बसू लागले. बाकीचे स्वस्थ राहिले. नामदेवराय मात्र रागावले. काकांनी निकाल दिला, हे मडके कच्चे आहे. ज्याच्याशी प्रत्यक्ष देव बोलतो, तो कच्चा! नामदेवराय रडत पंढरीला गेले. देवानेही काकांचाच निकाल कायम केला आणि गुरू करायला सांगितले. तेव्हा ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. कच्चे ठरल्यावर त्यांनी टाळ-वीणा खाली ठेवली नाही. कच्चे मडके कुंभार फेकून देत नाही, आव्यात घालतो.

हा आठवडा म्हणजे त्या गृहस्थांच्या डोक्यावर बसलेले थापटणे आहे. पत्रा वाजला, पाइप वाजला, शेळ्या वाजल्या, तोवर मडके टिकले. लेकराच्या हट्टापुढे तर ते चांगलेच खणखणीत वाजले, असे आमचे मत आहे. चुन्याच्या डब्याशी मात्र बद्द आवाज आला. मग कच्चेपणा कोठे आहे ते कळलेच की! तो एकादशीत नाही, वेळ न मिळण्यात नाही, क्रोधात आहे. पोथी देवाची म्हणून राग आला, असे त्यांना वाटत होते. आमची शंका अशी की सोमवारची ज्वारी, मंगळवारच्या शेळ्या आणि बुधवारचे पाणी असा सगळा हिशेब त्या एका गालावर चुकता झाला. मुलगी तर देवघर सजवायला बसली होती.

पोथीचे म्हणाल तर छापील पोथी दुसरी मिळते. आधीची पाने सावलीत वाळवावीत, चुना सुकल्यावर मऊ फडक्याने झटकावा. पुसट झालेली ओवी दुसऱ्या प्रतीवरून हाताने लिहून काढावी, आणि ते काम मुलीकडून करवावे, बापाने शेजारी बसून वाचून दाखवावे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये झाली, आणि पुढे पाठ बिघडले म्हणून नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली. बिघडलेली पोथी दुरुस्त करणे ही आपल्याकडची जुनी सेवा आहे.

त्याच नाथांच्या घरची आणखी एक गोष्ट त्यांना सांगितली. नाथांचे चिरंजीव हरिपंडित मोठे विद्वान. वडील प्राकृतात पुराण सांगतात, कोणाच्याही घरी अन्न घेतात, हे त्यांना रुचेना. ते घर सोडून काशीला गेले. आता यात नाथांचा दोष काय? काहीच नाही. तरी नाथ स्वतः काशीला गेले, मुलाच्या अटी ऐकून घेतल्या, मान्य केल्या आणि त्याला घरी आणले. निर्दोष बाप पैठणहून काशीपर्यंत गेला. येथे तर मारणारा बाप, आणि जायचे ओसरीवरून आतल्या खोलीपर्यंत.

यावर ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोरीची माफी मागायची? मग धाक कसा राहील?” हा प्रश्नही अनेक बापांचा आहे. धाक हवाच. उघडे टाकलेले फाटक मुलाकडून रोज लावून घ्यावे, हा धाक. आपल्या हातून अन्याय झाला तर तो लेकरासमोर कबूल करणे, याने धाक जात नाही. उलट लेकराला कळते की या घरात बापाच्याही वर कोणीतरी आहे, आणि बाप त्याला भितो.

माळेविषयी आम्ही म्हटले, ती तुमच्या पक्केपणाचे प्रमाणपत्र म्हणून कोणी घातली नव्हती. राहू द्या. हरिपाठ सकाळी जमत नसेल तर संध्याकाळी तिन्ही मुलांना घेऊन म्हणा; धाकट्याला एका हाताने टाळी येणार नाही, त्याने मांडीवर ताल धरावा. निम्मा झाला तर निम्मा म्हणा, पण उद्या दुप्पट म्हणू असे म्हणून आज रिकामा जाऊ देऊ नका.

राहिला वारीचा प्रश्न. धाकट्याचा हात मोडलेला, आई थकलेली, पत्रा अजून अर्धा उघडा. अशात आळंदीहून दिंडीबरोबर चालत जावे की न जावे? आम्ही स्पष्ट सांगितले की यंदा घर सोडून तीन आठवडे चालू नये. पुंडलिकाने आई-वडिलांच्या सेवेसाठी देवाला विटेवर थांबवले. तो देव अठ्ठावीस युगे उभा आहे, तुमच्यासाठी चार दिवस अधिक उभा राहील. पत्रा नीट बसवा. आजींपाशी कोणी नातलग ठेवता आले तर आषाढ शुद्ध नवमीला पत्नी आणि मुलांना घेऊन एस.टी.ने वाखरीला या. सगळ्या पालख्या तेथे एकत्र येतात. दशमीला पालखीमागे जमेल तितके पंढरीकडे चाला, लेकरू दमले तर बसा. वाखरीच्या तळावर गर्दी फार असते, तेव्हा धाकट्याचा प्लास्टरचा हात आईने आपल्या बाजूला ठेवावा, आणि थोरलीचा हात बापाने धरावा.