रोपाचा शेजार



श्रोतेहो, आज निरूपण ओवीवर नाही, अभंगावर नाही. आज निरूपण खुरप्यावर आहे. हसू नका. हे खुरपे मला एका आजीने हातात दिले, आणि त्याच्याआधी माझी चांगली फजिती झाली.

दहिसरला आमची एक लहानशी दिंडी आहे. निम्मी मंडळी नोकरदार, निम्मी गावठाणातली जुनी घरे. दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठात, आळंदीस निघण्याच्या आदल्या रविवारी, नदीकडच्या एका मोकळ्या पट्टीत आम्ही अकरा रोपे लावली. वड, करंज, जांभूळ, कडुलिंब. टाळमृदंग वाजला, एकेका रोपापाशी एकेका संताचे नाव घेतले, बुक्का लावला आणि वारीला गेलो. वारीहून आलो तो श्रावण, मग गणपती, मग नवरात्र. कार्तिकी झाल्यावर कुणाला तरी रोपांची आठवण झाली. जाऊन पाहतो तो कमरेएवढे गवत! रोपे कुठे लावली तेच कळेना. गवत हातांनी सारीत सारीत सात सापडली. काडीसारखी बारीक, फिकट, कुणीतरी शेंडा धरून वर ओढावे तशी उंच. चैत्रात पाहिले तर दोनच उरलेली.

मंडळी म्हणाली, "महाराज, पाणी घालायला पाहिजे होतं." मीही मान हलवली. पण त्या दोनांतले एक करंजाचे रोप चांगले पोसलेले होते आणि त्याला पाणी कुणीच घातले नव्हते. त्याच्याजवळ एक भाजीवाली आजी जुड्या बांधीत बसते. तिला विचारले. ती म्हणाली, "पाणी मी कशाला घालू, बाबा? बसल्याबसल्या आजूबाजूचं गवत तेवढं उपटीत होते. भाताची बेणणी केलेला हात हा, तो गप बसत नाही."

सज्जनहो, तिथे माझे डोळे उघडले. आपण समजतो रोप तहानेने मरते. तहानेने मरते हे खरे, पण पाणी नव्हते म्हणून नव्हे. त्याच्या वाटचे पाणी शेजाऱ्याने आधीच पिऊन टाकले म्हणून. लहान रोपाची मुळे आणि गवताची मुळे सुरुवातीला जमिनीच्या एकाच वरच्या थरात असतात. गवताची मुळे म्हणजे जाळे, हजारो तोंडे. रोपाचे एक सोटमूळ आणि चार तंतू. पावसाळा चारच महिन्यांचा. त्या चार महिन्यांत रोपाचे मूळ खाली खोल गेले तर पुढचा उन्हाळा ते काढते. पण वर भांडणातच त्याची शक्ती सरली, तर मार्गशीर्षात वरची माती कोरडी पडते आणि खालच्या ओलीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. हे भांडण जमिनीखाली चालते, म्हणून आपल्याला दिसत नाही. वरून सगळे हिरवेगार दिसते, आणि आपण म्हणतो, काय छान जागा!

उजेडाचीही तीच गत. वरच्या पानांतून गाळून खाली येणाऱ्या उजेडातला लाल भाग पानांनी आधीच शोषलेला असतो. रोपाला त्यावरून कळते की डोक्यावर कुणी उभे आहे. मग ते खोड जाड करायचे आणि मुळे वाढवायची सोडून नुसते उंच धावते. आमची ती सात रोपे उंच दिसली म्हणून आमच्यातला एक जण खूश झाला होता! ती वाढ नव्हती, ती धावपळ होती. माणसाचे असे होत नाही का? शेजाऱ्याच्या माडीकडे पाहून जो उंच होऊ लागतो, त्याच्या बुडाशी काय उरते ते ज्याचे त्याने पाहावे.

आपल्याला हे ठाऊक नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. गळ्यात माळ आहे ना? मग दारातले तुळशीवृंदावन आठवा. मंजिरी हाताने चुरून मातीत टाकली की बारीक रोपे उगवतात. वृंदावनात गवताची काडी दिसली तर माउली पाणी घालण्याआधी ती उपटते. दाट उगवली तर चार ठेवून बाकीची शेजारणींना देते. कुणी तिला वनस्पतिशास्त्र शिकवले? आणि दहिसरच्या जुन्या मंडळींनो, तुमच्या इथे भाताची खाचरे होती. राबातले रोप उपटून दूर दूर का लावायचे? राबात ते एकमेकांचाच घास काढून घेते म्हणून. शिवाय वीतभर वाढलेले रोप चिखलात लावले की नुकत्या उगवणाऱ्या तणाच्या ते पुढे असते. पुढे असूनही बेणणी चुकत नाही. भाताला जे देतो ते वडाला द्यायला आपण विसरलो, कारण वडाकडून आपल्याला खंडीभर काही घरी न्यायचे नसते.

आता आपण म्हणाल, मग शेजार सगळा वाईटच की! तसे नाही. इथे घाई करू नका. उघड्या माळावर, पहिल्या उन्हाळ्यात, एखाद्या विरळ झुडपाची दुपारची सावली कोवळ्या रोपाला जगवते. जमीन कमी तापते, ओल टिकते, काटेरी झुडूप असेल तर गुरेही तोंड घालीत नाहीत. तेच झुडूप पुढे पावसाळ्यात दाट झाले की ते रोप दाबते. म्हणजे संगत चांगली की वाईट हे नुसत्या नावावरून ठरत नाही. जागा कोणती, ऋतू कोणता, रोपाचे वय काय, हे पाहावे लागते. कीर्तनात आम्ही कुसंग-सत्संग दोन ढीग करून मोकळे होतो. शेत तेवढे सोपे नाही.

आमच्या डोक्यावरच्या डोंगरातच पाहा. तुळशी तलावाकडून दहिसर नदी निघते ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून खाली येते. त्या उतारांवर कारवी आहे. दाट माजली की तिच्याखाली बाळझाडांना उजेड दुर्मिळ. पण ती आठव्या वर्षी फुलते. 2008 साली फुलली, 2016 साली फुलली. बी धरते आणि वाळून जाते. मग जमिनीवर ऊन उतरते आणि खाली वाट पाहणाऱ्यांना संधी मिळते. ती इथलीच आहे, तिला जागा सोडणे ठाऊक आहे. घाणेरी, जिला टणटणी म्हणतात, ती अमेरिकेतून शोभेसाठी आणलेली. ती जागा सोडत नाही. बुलबुलासारखे पक्षी तिची काळी फळे खाऊन बी पसरतात, गुरे तिला टाळतात, आणि तोडली तर बुडख्यातून पुन्हा फुटते. तिला जमिनीखाली मुळाशी तोडून, उपटून, उलटी टाकावी लागते. मात्र उद्यानाच्या हद्दीत आपण भक्तिभावाने कुदळ घेऊन शिरायचे नाही. ते वनखात्याचे काम; त्यांनी बोलावले तर जावे.

आपल्या हद्दीतलेच पुष्कळ आहे. महाराष्ट्र सरकारने 2016 साली 2 कोटी रोपांचा संकल्प केला, 2017 साली 4 कोटी, 2018 साली 13 कोटी, 2019 साली 33 कोटी. दर वेळी प्रारंभ जुलैत, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमारास. पालखीच्या वाटेवरही अनेक दिंड्या रोपे लावीत जातात, बिया टाकीत जातात. भाव उत्तम आहे, मी त्याला नमस्कार करतो. पण महाराज, दिंडी पुढे जाते आणि गवत तिथेच राहते. खड्डा खणताना छायाचित्राला उभे राहणारे पन्नास. भाद्रपदात त्याच खड्ड्यापाशी उकिडवा बसणारा एक तरी आहे का?

सावतोबांची गोष्ट मला आता निराळी दिसू लागली आहे. अरणच्या मळ्यात ते राबत राहिले, पंढरीस गेले नाहीत, देवच मळ्यात आला असे परंपरा सांगते. आम्ही ती सांगताना भाजीत विठाई दिसली एवढे सांगतो आणि टाळ्या घेतो. मळा सोडून जाता का येत नाही, हे मळेकऱ्यालाच ठाऊक. चार दिवस गेले की तण डोके वर काढते.

तेव्हा काम कसे करायचे ते सांगतो. रोपाभोवती हात-दीड हाताचे गोल आळे धरा आणि त्यातले गवत मुळासकट काढा. विळ्याने कापून भागत नाही. कापलेल्या गवताची मुळे पाणी पीतच राहतात आणि नवा फुटवा आणखी मागतो. उपटलेले गवत तिथेच आळ्यात पसरा, ओल टिकते. मात्र खोडाला चिकटवू नका. रोपाची स्वतःची मुळे वरच असतात, तेव्हा खुरपे बेताने चालवा. पावसाळा सरताना शेवटची निंदणी करून माती भुसभुशीत करा, आणि आसपासचे वाळके गवत हटवा, नाहीतर फाल्गुनात कुणाच्या तरी विडीने सगळे जाईल. पहिल्या वर्षी तीन वेळा, दुसऱ्या वर्षी दोन वेळा, तिसऱ्या वर्षी एकदा तरी. मग झाड आपली सावली आपण धरते आणि गवतच मागे हटते.

यंदा आमच्या दिंडीने अकरा लावली नाहीत, पाचच लावली. तीन जण वारीला न जाता मागे राहिले. त्यांतल्या एकाची ही बावीस वर्षांत चुकलेली पहिली वारी. निघताना त्याच्या पायावर डोके ठेवायला आम्ही सगळे वाकलो तर तो रागावला. म्हणाला, "पाया काय पडता? कामिका एकादशी सोडून द्वादशीला या, खुरपी आणा." आजीने तिची दोन देऊ केली आहेत. आणखी चार हवीत.