यंत्राची जुळणी आणि माणसाची साक्ष



गेल्या महिन्यात एकाच दिवशी जोहरच्या नमाजनंतर दोघेजण माझ्याकडे आले. एक, पहिल्या सफेत उभे राहणारे वृद्ध गवंडीचाचा. चाळीस वर्षे सिमेंट-चुना हाताळून त्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. रेशन दुकानातील यंत्र त्यांचा अंगठा ओळखत नाही. दुसरा एक तरुण. परदेशातील नोकरीच्या वयोमर्यादेत बसण्यासाठी त्याने जन्मदाखल्याच्या प्रतीवर संगणकावर वर्ष बदलले होते. मशिदीच्या पत्रावर मी तेच वर्ष लिहून द्यावे, ही त्याची विनंती. म्हणाला, ''मौलाना, फोटो माझाच, अंगठाही माझाच. मशीन पास करेल. फक्त तुमच्या दोन ओळी हव्यात.''

खऱ्या माणसाला यंत्र नाकारते आणि खोट्याला स्वीकारू शकते. मग यंत्राच्या 'हो' आणि 'नाही' यांचे नैतिक मोल किती?

२९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला. दहा बोटांचे ठसे, दोन डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा आणि चेहऱ्याचे छायाचित्र, ही त्याची सामग्री. पडताळणीच्या वेळी यंत्र नवी प्रतिमा जुन्या नोंदीशी ताडून पाहते. साम्य ठराविक मर्यादेपलीकडे गेले की 'जुळले' म्हणते. म्हणजे ते एकाच प्रश्नाचे उत्तर देते: पूर्वी नोंदवलेला देह हाच का? नोंदीतले वय आणि नाते खरे आहे का, हे त्याला ठाऊक नसते. ते माणसाने सांगितलेले असते.

ई-पासपोर्टच्या चिपमधील छायाचित्रावर डिजिटल स्वाक्षरीची मोहर असते. मागाहून केलेला फेरफार उघडकीस येतो. परंतु २०१४ मध्ये इटलीतील बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, दोन व्यक्तींचे चेहरे मिसळून तयार केलेले एकच छायाचित्र अर्जासोबत दिले, तर त्या पासपोर्टवर दोघेही यंत्रासमोरून पार होऊ शकतात. कुलूप भक्कम होते. असत्य मात्र कुलूप लागण्यापूर्वीच आत ठेवले गेले होते.

म्हणूनच दस्तऐवज ही मुळात शहादत आहे, साक्ष आहे. प्रेषित मुहम्मद (स.) महापापांविषयी सांगत असताना टेकून बसले होते. खोट्या साक्षीचा उल्लेख येताच ते सरळ उठून बसले आणि ती गोष्ट पुनःपुन्हा सांगत राहिले. सूरह अन्-निसामध्ये तर स्वतःच्या, आईवडिलांच्या आणि आप्तांच्या विरोधात जात असली तरी खरी साक्ष देण्याची आज्ञा आहे.

आपल्यापैकी अनेकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना अंदाजाने '१ जून' लिहिली गेली, हे मी जाणतो. अशी चूक रीतसर दुरुस्त करून घेणे हा आपला हक्क आहे. खऱ्या तारखेवर खोटी तारीख चढवणे ही दुरुस्ती नव्हे. ''यात कोणाचे काय बिघडते?'' असे कोणी विचारील. एक बनावट कागद सापडला की पुढच्या दहा खऱ्या माणसांकडे संशयाने पाहिले जाते. त्या संशयाची किंमत बहुधा गवंडीचाचांसारखे लोक मोजतात.

यंत्राचा नकार हीदेखील त्यांच्याविरुद्धची साक्ष नाही. ''मशीन नाही म्हणते'' एवढे बोलून वृद्धाला परत पाठवणारा आपली जबाबदारी यंत्राच्या माथी मारतो. मी त्यांच्यासोबत दुकानात गेलो. बुबुळाची पडताळणी झाली, धान्य मिळाले. आपल्या मोहल्ल्यात अशी बोटे झिजलेली माणसे असतील, तर त्यांच्यासोबत जाणे ही आपली अमानत आहे.

त्या तरुणाला मी पत्र दिले नाही. तो रागावला, आता शेवटच्या सफेत उभा राहतो आणि सलाम फिरताच निघून जातो. त्याच्या घरची अडचण खरी आहे, म्हणून मन खंतावते. त्याच्यासाठी दुसरे काम शोधतो आहे.

सूरह अल्-कियामहमध्ये अल्लाह बोटांची टोकेसुद्धा पूर्ववत घडवण्याच्या सामर्थ्याचा उल्लेख करतो. सूरह यासीनमध्ये त्या दिवशी तोंडे बंद होऊन हात बोलतील, असे सांगतो. तेव्हा प्रश्न ठसा जुळण्याचा नसेल. त्या हातांनी काय लिहिले, हे ते हातच सांगतील.

अल्लाह आपणा सर्वांना सत्य साक्षीवर दृढ ठेवो. आमीन.